काचेवरचं दव

माझ्या घरात एक अजगर आहे. आफ्रिकेकडच्या जातीचा, आखूड, बिनविषारी, वनखात्याकडे रीतसर नोंदवलेला. तो आल्यापासून नातेवाइकांना खटकतो आणि तेव्हापासून माझं उत्तर एकच आहे: तो राहणार.

माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची, सायखेड्याला द्राक्षबाग आहे. एप्रिलमध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते नाशिक रोडला माझ्याकडे आले. त्याच आठवड्यात साप कात टाकायच्या बेतात होता. अशा वेळी त्याचे डोळे दुधाळ निळे होतात. ‘‘यालाबी मोतीबिंदूच हे,’’ आबा म्हणाले.

कात अखंड उतरायला त्याच्या काचेच्या पेटीतली हवा दमट लागते, आणि आपल्याकडचा एप्रिल कोरडा. म्हणून पेटीवरच्या जाळीचा बराचसा भाग मी ओल्या टॉवेलने झाकला होता. तळाशी नारळाच्या भुशाचा ओलसर थर होता. आतला आर्द्रतामापक सत्तर टक्क्यांच्या आसपास होता. काचेवर आतून दव धरलं होतं.

मी ऑफिसला गेले आणि आबांनी ते दव पाहिलं. द्राक्षवाल्याला दव म्हणजे डावणी. ती बुरशी घडांवर उतरली की हातचं पीक जातं. त्यांनी टॉवेल काढून वाळत घातला आणि पंखा लावला. बाग वाचवतात तसं त्यांनी सापाला वाचवलं.

संध्याकाळी आकडा तिशीत होता. सकाळी कात चिंध्या होऊन निघाली आणि डोळ्यांवरच्या, कातीबरोबरच निघायला हव्या होत्या त्या पारदर्शक टोप्या जागच्या जागी राहिल्या. त्या ओढून काढल्या तर डोळा जाऊ शकतो. तशाच ठेवल्या तरी धोका.

साप रोगट आहे, सर्पमित्राला बोलावून सोडून द्यावा, असा निकाल आबांनी दिला. गावाहून काकांचा फोन आला, मग काकूंचा. एकट्या बाईच्या घरात हे शोभत नाही, हेही त्यात सांगून झालं. इथल्या रानात तो जगणार नाही आणि असं सोडणं गुन्हा आहे, एवढंच मी सांगितलं. मग मीच जातो, असं आबा म्हणाले. ऑपरेशन तोंडावर आलं होतं.

‘‘तारीख चुकवू नका. साप कुठेही जाणार नाही.’’

‘‘एवढी ओल लय वाईट. कुजंल ते.’’

‘‘एप्रिलची छाटणी झाली की ओलांड्यांवर पाणी का मारता?’’

ओलांडे म्हणजे वेलीचे आडवे हात. उन्हाळ्यात ते सुकू दिले तर फूट एकसारखी येत नाही. हे मला आबांनीच शिकवलं होतं.  त्यांनी बॅग भरली नाही.

टोप्या सैल व्हाव्यात म्हणून भोकं पाडलेल्या डब्यात ओलं शेवाळ घालून मी सापाला त्यात ठेवलं. पेटीच्या जाळीवर या वेळी प्लास्टिक चिकटवलं, हवेपुरती फट ठेवून. सुरीशिवाय निघणार नाही, असं.

ऑपरेशन उरकून आम्ही घरी आलो तेव्हा दोन्ही टोप्या शेवाळात पडलेल्या होत्या. सापाचे डोळे काळे आणि स्वच्छ होते. मी त्याला पेटीत सोडलं. काळा चष्मा लावून आबा समोर बसले.

‘‘आता ओल किती हे?’’

‘‘पासष्ट.’’

‘‘माझ्या बागेत मला झोप नसती लागली.’’

‘‘ही बाग नाही, आबा.’’

तेवढ्यात काकांचा फोन आला. तो आबांनीच घेतला. पलीकडचं सगळं ऐकून घेतलं.

‘‘नाय सोडत ती,’’ ते म्हणाले. ‘‘प्लास्टिकबी काढू देत नाय.’’