काकांनी न भरलेला अर्ज

दुबईत, देऱ्यातल्या आमच्या खोलीत शिरायचं तर जिन्यातूनच मोठ्यानं हाक द्यावी लागे. हा नियम काकांचा. कुणी मुकाट्यानं आत आला, की भिंतीकडच्या खाटेवरून काका ताडकन उठत आणि त्यांचा उजवा हात शर्टाखाली कमरेला जाई. तिथं काहीच नसे. तरी येणारा जागच्या जागी थिजे. खोलीतली मलयाळी पोरंसुद्धा जिन्यातून ओरडत, "काका, मैं आया!"

काका सांगलीकडचे, एका ट्रेडिंग ऑफिसात कारकून. मी सातवीत शाळा सोडून सेंट्रिंगच्या कामावर आलेला. घरची पत्रं, बँकेचे फॉर्म, बायकोच्या पासपोर्टचा अर्ज, सगळं माझ्यासाठी त्यांनीच लिहिलं. "एक चहा पाज, खलास," म्हणायचे. त्यांचे उपकार मी कुठं फेडणार होतो!

त्या वर्षी गावी चुलतभावाशी, सुरेशशी, बांधावरून भांडण पेटलं. "दत्ता येऊ दे, बघून घेतो," असं तो चारचौघांत बोलला म्हणे. बायको-पोर गावी एकटी, आणि माझी सुट्टी जवळ आलेली. जेवण जाईना. तालुक्याच्या एजंटानं पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज धाडला. सोबत चिठ्ठी : 'घ्यायलाच पाहिजे असं नाही, पण गल्फवाल्याजवळ असलेलं बरं. शर्टाखाली कळतही नाही.' मी अर्ज काकांपुढं ठेवला.

त्यांनी नाव, गाव भरलं. 'शस्त्र कशासाठी हवे' इथं पेन थांबलं.

"भीती कुणाची? नाव सांग."

"सुरेशची."

"लिहू? एकदा लिहिलंस की रोज दिसायला लागेल बघ."

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. इकडं येण्याआधी, गावी ते एका पेढीची रोकड नेत. शेठ म्हणाला होता, पिस्तुलाचा परवाना काढायचा तर काढ, सक्ती नाही. यांनी काढला.

"तो हातात पडेपर्यंत माझ्या मागं कुणी नव्हतं, दत्ता. पडला त्या आठवड्यापासून पांढऱ्या शर्टातला एक माणूस मागं यायला लागला. बाजारात, एस्टीत, देवळात. एकदा भर दुपारी मागच्या दारानं कुणीतरी आत आलं. मी वळलो तो पिस्तूल रोखूनच. समोर धाकटा भाऊ, हातात आंब्यांची पिशवी. मी चाप ओढला होता रे. सेफ्टी लागलेली होती म्हणून वाचला."

"मग?"

"पिशवी ठेवून गेला. परत घरात पाऊल टाकलं नाही त्यानं. मी पिस्तूल चौकीत जमा केलं आणि इकडं आलो."

"आणि तो पांढऱ्या शर्टातला?"

काका हसले. "त्याला व्हिसा कुणी दिला कोण जाणे. परवा खाडीवर उभा होता."

मला हसू आलं नाही. खिडकीतून खाली पाहिलं, तर रस्त्यावरची निम्मी माणसं पांढऱ्या कपड्यांत होती.

"शिव्या घाल मला हव्या तर," अर्जाची घडी घालत काका म्हणाले, "पण एवढं मी लिहिणार नाही." दुसऱ्या कुणाकडून तो भरून घ्यायचं धाडस मलाही झालं नाही.

पुढच्याच महिन्यात कंपनीनं काकांचा व्हिसा रद्द केला. एअरपोर्टवर सोडायला गेलो, तर त्यांनी आपणहून सुरेशचा विषय काढला. "आधी त्याच्या घरी जा," म्हणाले. त्यानंतर त्यांचं पत्र नाही, फोन नाही.

सुट्टीवर गेलो. सुरेशच्या घरी जायचा धीर होईना. तिसऱ्या दिवशी परसात तांब्यानं तोंड धूत होतो, इतक्यात पाठीमागं पाचोळा वाजला. वळलो. सुरेश, हातभर अंतरावर.



"बांधाची मोजणी करून घेऊ," तो म्हणाला. "लई ऊन आहे. पाणी दे."

मी तांब्या पुढं केला. पण माझी बोटं तांब्याच्या गळ्याभोवती अशी आवळली होती, की सुरेशला तो दोनदा ओढावा लागला.