तक्रारी कुणाच्या पेटीत

वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, दूध उकळलेलं असलं तरी आधी वास घेतात. कुलूप तीनदा ओढून पाहतात आणि तरी अर्ध्या जिन्यातून परत येतात. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतला मेलचा सर्व्हर त्यांच्या ताब्यात आहे. युनिक्स प्रणालीवर चालणारा, त्यांनी स्वतः उभा केलेला. त्या खोलीत त्या कुणाला फडकासुद्धा मारू देत नाहीत.

लोकांच्या तक्रारींच्या पत्त्यावरच्या मेल गायब होतात हे लक्षात आलं, तेव्हा त्या बघणाऱ्या जुन्या कारकूनबाईंना निवृत्त होऊन तीन आठवडे झाले होते. त्यांच्या जागी आलेली तिशीतली बाई पाय न वाजवता चालायची, म्हणून वन्संनी तिचं नाव मांजर ठेवलं.

"डोळे मिटून दूध पितंय," त्या मला म्हणाल्या. "काम नको, म्हणून पुसून टाकते. सर्व्हरच्या नोंदींमध्ये प्रत्येक मेल पोहोचल्याचं दिसतंय."

तसं त्यांनी साहेबांना सही करून लिहून दिलं: सर्व्हरमध्ये दोष नाही. साहेबांनी मांजरीला चार वाजेपर्यंत खुलासा मागितला. पटला नाही, तर उद्यापासून कामावर यायचं नव्हतं.

दुपारी ती वन्संच्या दारात उभी राहिली. "मॅडम, माझ्यासमोर एक मेल पाठवा."

वन्संनी पाठवली आणि तिच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. पेटी रिकामीच.

"पुसली नाहीस ना?"

"कधी? हात बांधून बसलेय. मोजा हवं तर, दोनच आहेत."

वन्सं तणतणत परत आल्या. आता त्यांनी नोंदीची ओळ पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. मेल पोहोचली होती, पण जुन्या बाईंच्या पेटीत. कुठल्या पत्त्याची मेल कुणाला द्यायची, ती यादी त्यांनी उघडली. तिथे नवीचं नाव होतं, त्यांनीच घातलेलं. मग त्यांना आठवलं. यादी बदलली की एक आज्ञा द्यावी लागते, तेव्हा कुठे सर्व्हर नवी यादी वाचतो. ती द्यायची राहिली होती. तीन आठवडे तो जुनीच यादी धरून बसला होता.

त्यांनी आज्ञा दिली. एका शब्दाची होती. पुन्हा मेल पाठवली.

"आली!" पलीकडून ओरडा आला.

पावणेचारला वन्सं साहेबांसमोर होत्या.

"चालू झालं ना? मग कशाला गाजावाजा?" साहेब म्हणाले. "तिला समज देऊन सोडू."

"समज कशाबद्दल?"

"तुमचं नाव येईल, बाई. वीस वर्षांत एक डाग नाही तुमच्यावर."

वन्संनी आपला कागद मागून घेतला, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: चूक माझी. नवी यादी लागू करायची राहिली. कारकूनबाईंचा दोष नाही.

बाहेर येऊन त्यांनी तिला सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं, आभारबिभार काही मानले नाहीत.

"त्या कागदाची प्रत द्या मला," ती म्हणाली. "सहीसकट. आणि मूळ कागदाशी ताडून बघेन."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही."

वन्संनी प्रत काढून दिली. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "पोरगी कामाची आहे गं."