न झालेल्या सौद्याची दलाली

पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागून आमची वाडी. इथे म्हैस घ्यायची असो की बैल विकायचा, मध्ये हैबतीदादा लागतातच. रुमालाखाली बोटं दाबून ते असा भाव जुळवतात की घेणारा खूश, देणाराही खूश. त्यांची दलाली मात्र सौदा पुरा झाल्यावर, आलेल्या पैशातूनच. आणि एकदा इसार म्हणून आगाऊ पैसे घेतले की शब्द फिरवायचा नाही. फिरवलाच तर इसार दुप्पट परत. एवढा पक्का माणूस, पण मोबाइल हातात आला आणि अक्कल चरायला गेली.

झालं असं, की कुणी एक साहेब त्यांना फोनवर भेटले. दूर कुठेतरी क्रिप्टोची नाणी काढणारी मशिनं अखंड चालतात म्हणे. त्यातलं एक भाड्यानं घ्या आणि खुशाल झोपा. दादांनी बोकड विकलेले पैसे भरले. मोबाइलवरचा आकडा रोज फुगू लागला, त्याच्याबरोबर दादाही. अडीच लाख दिसले तेव्हा त्यांनी पैसे मागितले. साहेब म्हणाले, आधी चाळीस हजार कर भरा, मग सगळे सोडतो.

म्हणून दादांनी चंद्री विकायला काढली. चंद्री म्हणजे दादांच्या बायकोची, ठकूवहिनींची म्हैस. तिच्या दुधावर वहिनींचा संसार आणि नाक्यावरच्या दोन हॉटेलांचा चहा चालतो. सव गावच्या गोमाजीनं हजार रुपये इसारही दिला. वहिनी भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दादांपुढे कोरा चहा ठेवला. मी शेजारी म्हणून टेकलो होतो, तर मलाही कोराच. माझा काय गुन्हा, देव जाणे.

“दूध नाय?” दादांनी विचारलं.

“सवय करा आतापासनं,” वहिनी म्हणाल्या.

तो चहा दादांच्या घशाखाली उतरेना. कप बाजूला सारून त्यांनी साहेबांना फोन लावला.

“सायेब, मीबी दलालच हाय. आमी दलाली सौद्यातनंच कापतो. तुमचे चाळीस हजार माज्या अडीच लाखातनं कापा नि बाकीचे धाडा.”

साहेबांनी नियम सांगितला, मग सरकारचं नाव घेतलं, मग चक्क दम भरला. दादांचं आपलं एकच, कापून घ्या. शेवटी पलीकडून फोन तुटला आणि मोबाइलवरचे अडीच लाखही गेले. दादांचा चेहरा पाहवेना. मीच सायबर फसवणुकीचा १९३० नंबर लावून तक्रार नोंदवली. बोकडांचे पैसे अजून आलेले नाहीत.

चंद्री वाचली, पण शब्द मोडणार होता. ते दादांना पैशांपेक्षा जास्त लागलं. दुप्पट इसार खिशात घालून ते सवला निघाले, मला गाडीवर मागे बसवून. गोमाजीच्या ओट्यावर बसून त्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. गोमाजी हसेल असं मला वाटलं होतं. तो पांढराफटक पडला.

“दादा, म्हशीचं बाकीचं पैसं माजं त्याच मशीनीतनं येनार व्हतं,” तो म्हणाला. “उद्या कर भरायचा व्हता.”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि जे हसलो ते गोमाजीची बायको बाहेर येईपर्यंत. गोमाजीनं आपले हजार तेवढे उचलले. उरलेले हजार त्यानं दादांच्या खिशात परत कोंबले.

“ही तुमची दलाली,” तो म्हणाला. “न झालेल्या सौद्याची.”

दादांनी ते पैसे घरी येऊन वहिनींच्या हातात ठेवले. त्या दिवशी मला दुधाचा चहा मिळाला.