भरतीचं कडवं

आई गेल्यावर बाबा खाडीकाठच्या मुर्धा गावातलं घर सोडून माझ्याकडे मीरा रोडला राहायला आले. दिवसभर करायचं काय, हा त्यांना प्रश्नच होता. टीव्हीवरच्या बातम्या म्हणजे त्यांना नळावरची भांडणं वाटायची, आणि खाली बाकावर बसणारे आजोबा लोक आपसात गुजरातीत बोलायचे. मग मी फोनवर जुनी हिंदी गाणी लावून द्यायला लागले. गाजलेली नव्हेत, ती त्यांना ऐकून ऐकून नकोशी झाली होती. ज्यांचे सिनेमे पडले, ज्यांच्या गायिका आता कुणाला आठवत नाहीत, अशी गाणी. कुणी हौशी लोक घरातल्या जुन्या रेकॉर्ड वाजवून ती नेटवर चढवत असतात. आधी खरखर ऐकू येते, मग गाणं.

बाबा सुरुवातीच्या वाद्यांवरूनच ओळखायचे. डोळे मिटायचे, खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरायचे, आणि गायिकेच्या आधी पहिली ओळ म्हणून मोकळे व्हायचे. साठ-सत्तर वर्षांत कानावर न पडलेलं गाणं तोंडातून असं बाहेर यायचं की मी बघत राहायचे.

यात माझा एक छुपा डाव होता. मी त्यांची परीक्षा घेत होते. बाबांचे सख्खे भाऊ, आमचे थोरले काका, विसरण्याच्या आजाराने गेले. त्याची सुरुवात मला पाठ आहे. न झालेल्या गोष्टी ते अगदी रंगवून सांगायला लागले. अमक्याचं लग्न कसं झालं, पंगतीत वाढायला कोण होतं. आम्ही हसायचो. मग एका संध्याकाळी ते घरातून निघाले आणि काशीमीऱ्याला हायवेवर सापडले. ट्रकच्या रांगेत अनवाणी उभे राहून ते एका क्लीनरला गावच्या मिठागराची वाट विचारत होते. ते मिठागर बंद होऊन जमाना झाला होता. त्यानंतर त्यांच्या दाराला बाहेरून कडी लागली. आतून ते दार वाजवायचे तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. म्हणून बाबांनी गाणं बरोबर ओळखलं की माझा दिवस बरा जायचा, आणि ते अडखळले की तव्यावरची पोळी करपायची.

एके दिवशी एक गाणं लागलं. बागेत बसून कुणाची तरी वाट बघणाऱ्या बाईचं. बाबा एकदम ताठ बसले. मुखडा त्यांनी म्हटला, पहिलं कडवं म्हटलं, तेही चुकूनमाकून नाही, ठणठणीत. दुसरं कडवं सुरू झालं आणि त्यांनी हात वर केला.

हे ह्यात नव्हतंच, ते म्हणाले. दुसऱ्याच गाण्यातलं आणून चिकटवलंय. खरं कडवं गाळलंय.

मी म्हटलं, मग खरं कोणतं? त्यांनी म्हणून दाखवलं. चाल तीच, शब्द वेगळे. त्या कडव्यात ती बाई म्हणत होती, पानी चढ गया, घर आ जा. दिवा विझत आलाय, लेकरं झोपलीत, आता ये. बागेत बसलेल्या बाईच्या गाण्यात भरतीचं पाणी कुठून येणार? आणि शब्दही अर्धे हिंदी, अर्धे आमच्या गावचे.

मी सगळीकडे शोधलं. त्याच गाण्याची दुसरी रेकॉर्ड सापडली, सिनेमातला मोठा तुकडाही सापडला. बाग होती, झोपाळा होता, पाण्याचा थेंब नव्हता. तसं सांगितलं तर बाबा चिडले. "मी खोटा बोलतंय काय?" ते म्हणाले. थोरले काकाही असेच चिडायचे, शब्दसुद्धा हेच.

नवरा म्हणाला, एका कडव्यावरून काय एवढं. त्याला काय जातंय बोलायला, त्याने ते दार ऐकलेलं नाही. बाबा रोज ते गाणं लावायला सांगायचे, रोज दुसऱ्या कडव्याला हात वर करायचे, आणि मी रोज आणखी घाबरायचे. डॉक्टरांची वेळ घेतली. आणि कुणाला न सांगता आमच्या सुताराला फोन केला, दाराला बाहेरून एक कडी बसवायची आहे म्हणून. फोनवर बोलताना मी स्वयंपाकघरात गेले होते, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला होता.

सुतार यायच्या आदल्या दुपारी मी भाजी घेऊन वर आले तर खुर्ची रिकामी. त्यांचा फोन खुर्चीवर, चपला जागेवर नाहीत. हाका मारल्या, बाथरूम पाहिलं, गच्चीवर जाऊन आले. वॉचमन म्हणाला, "अंकल तो रिक्शा में बैठ के गये." किधर, ते त्याला माहीत नव्हतं.

मी विचारही केला नाही, सरळ काशीमीऱ्याला गेले. रिक्षात बसल्या बसल्या मला ते दिसत होते, ट्रकच्या मधे, क्लीनरला काहीतरी विचारताना. उतरले तर हॉटेलं, गॅरेजं, धूर, आणि उभ्या ट्रकच्या रांगा. दोन ट्रकच्या मधल्या प्रत्येक फटीत मी वाकून बघत होते. फोनमधला बाबांचा फोटो एका गॅरेजवाल्याला दाखवला, मग चहावाल्याला, मग पंक्चर काढणाऱ्याला. सगळे माना हलवत होते. ब्रेक कचकन लागला की माझे डोळे आपोआप मिटायचे, आणि उघडायला धीर व्हायचा नाही. पांढरा सदरा दिसला की मी धावायचे, आणि तो दुसराच कुणीतरी असायचा. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, सुतार कालच का नाही आला म्हणून.

तेवढ्यात आत्तेभावाचा फोन आला. मामा आमच्याकडे आलाय, तुला माहीत हाय ना, त्याने विचारलं. मी फुटपाथवर खाली बसले.

आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, मुर्ध्यातच दिलेली. मी पोचले तेव्हा दोघं ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती आणि गात होती. तेच गाणं. मुखडा झाला, पहिलं कडवं झालं. मी पायरीवरच थांबले. दुसरं कडवं आलं आणि आत्याने न अडखळता म्हटलं, पानी चढ गया, घर आ जा. शब्द न् शब्द तोच.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. साक्षीदार गाठायला ते एवढ्या लांब आले होते.

मी आत्याला विचारलं, हे कडवं आलं कुठून, गाण्यात तर नाहीये. आत्या हसली. पलीकडे राई गावाला लग्नं असली की भोंग्यावर रेकॉर्डी लागायच्या, तिने सांगितलं, आणि इकडच्या बाया मिठागराच्या बांधावर बसून ऐकायच्या. वाऱ्यावर येईल तेवढंच गाणं मिळायचं. सगळ्या गाण्यांना अशी भोकं असायची आणि जो तो ती आपल्या मनाने बुजवायचा.

"ह्याचं दुसरं कडवं आपल्याकडं कंदी आलंच न्हाय," आत्या म्हणाली. "मंग आईनं सोताचं घातलं. बा मिठागरात भरतीचा पानी घ्यायचा दार बघाया जायचा, तवा ती बसून म्हनायची. हा लय बारका व्हता. ह्याला वाटलं, गान्यातच हाय."

बाबांनी इतकी वर्षं सिनेमातलं म्हणून जपलेलं कडवं त्यांच्या आईचं होतं. आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. बाबांचं डोकं शाबूत होतं. त्या क्षणी आत्याचे पाय धरावेसे वाटले मला. मी तिच्याजवळ बसले, तिचा हात हातात घेतला.

आत्तेभाऊ चहासाठी दूध आणायला गेला होता. आत्याने रस्त्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"आनी थोरला कुठं ऱ्हायला?" तिने विचारलं. "त्याला सांग बिगीन ये. पानी चढल."

माझ्या हातातला तिचा हात ऊबदार होता, तो मला सोडवेना. थोरल्या काकांच्या तेराव्याला आत्या माझ्या शेजारी बसून रडली होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"येल," ते म्हणाले. "निघालाय तो."

आत्याचं समाधान झालं. तिने पुन्हा मुखडा धरला. आत्तेभाऊ दूध घेऊन आला तेव्हा बाबा तिच्याबरोबर गात होते, मुद्दाम मोठ्याने, म्हणजे तिला मधे बोलायला जागाच मिळू नये.

परत येताना रिक्षात बाबा म्हणाले, "तुला कडी बसवायची तर बसव. सुताराला फोन केलास तो मी ऐकलाय सगळा. पन तिच्या पोराला आजचं काय सांगू नको. तो तिला कोंडल."

मी बरं म्हटलं. घरी येऊन सुताराला नको म्हणून कळवलं आणि डॉक्टरांची वेळ रद्द केली.

आत्तेभाऊ अधूनमधून फोन करतो. मामा कसा आहे विचारतो, मग म्हणतो, आई त्या दिवशी तुला कशी वाटली गं, हल्ली जरा हरवल्यासारखी करते. समोर खुर्चीत बाबा गाणं बंद करून माझ्याकडे बघत असतात. माझ्या डोळ्यांसमोर काशीमीऱ्याचे ट्रक येतात, आणि ते आतून वाजणारं दारही येतं.

छान गायली, मी सांगते. सगळं आठवतंय तिला.