जाळपंपवाले आतोबा

हिंदी सिनेमातली निम्मी महायुद्धं आमच्या लोधिवलीच्या आतोबांनी पेटवली आहेत, आणि एकाही युद्धात त्यांचं तोंड दिसलेलं नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. भातावर औषध फवारताना हे गृहस्थ पाठीवर पंप घेऊन चिखलातून न घसरता चालतात, हे कर्जतला शूटिंगसाठी निघालेल्या कुणा सिनेमावाल्याने जुन्या हायवेवरून पाहिलं आणि गाडीच थांबवली. त्याला शत्रूवर आगीचा लोळ सोडणारा सैनिक हवा होता. पाठीवर दोन टाक्या, हातात नळी, तोंडावर मुखवटा. त्या यंत्राचं इंग्रजी नाव आतोबांच्या जिभेवर कधी बसलंच नाही. ते म्हणतात ‘जाळपंप’.

तेव्हापासून हा माणूस सिनेमात गोष्ट बघत नाही, वारा बघतो. एकदा भर थेटरात नायकाने आग सोडली, तर हे खुर्चीवरून उठून ओरडले, “आरं येड्या, वाऱ्याकडं पाठ कर, भुवया जातील!” सेटवर तर कहरच. ‘बंकर जाळा’ म्हटलं की हे आधी बंकरवर काठी बडवणार आणि आत वाकून हाका मारणार. का, तर आमच्याकडे पेरणीआधी शेतात पालापाचोळा रचून राब भाजतात तेव्हा तशी रीत आहे. “ससा आसतो, घोरपड आसती. त्यांना निघाया नको?” सात वेळा शॉट वाया गेला. दिग्दर्शक कळवळून म्हणाला, “काका, आत शत्रू आहे!” आतोबा म्हणाले, “आसंल की. त्यालाबी पाय हायेत.” आता बोला!

आत्याला मात्र या सगळ्या थापा वाटायच्या. “दिसत तर कुठंच नाय तुमी,” ती म्हणायची, आणि ते त्यांना फार लागायचं. म्हणून यंदाच्या सिनेमात त्यांनी जाळ सोडून झाल्यावर हळूच मुखवटा वर केला, कॅमेऱ्याकडे बघून हसले, आणि सिनेमा लागल्यावर आत्याला टेंपोत घालून कर्जतला नेलं. मीही होतो. पडद्यावर मुखवट्याला हात गेला आणि तेवढ्यात दृश्यच बदललं. हसू कापलं होतं मेल्यांनी! आतोबांनी मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं. तोच आत्याने माझा दंड धरला. “आरं, मगाशी जाळ घेऊन गेले ते हेच रं! चाल बघितलीस का? पस्तीस वरसं बांधावरनं घरी येताना बघतेय, मला नाय कळायची?”

त्यानंतर आतोबांनी पडद्याकडे पाहिलंच नाही, आत्याकडेच बघत राहिले. ते युद्ध कोण जिंकलं, हे त्यांना अजून ठाऊक नाही.