वेदीवरचा बगळा

वेदीच्या नव्या वस्त्रावर टाकेबाईंनी पेलिकन भरला होता, आणि रविवारच्या सोहळ्याच्या कार्यक्रमपत्रिकेत छापून आलं, 'बगळा व त्याची पिल्ले'. हा पराक्रम प्रस्तुत लेखकाचा. पांढरा पक्षी, लांब चोच, एवढ्या पुराव्यावर कुणीही बगळाच म्हणेल, असं त्याला वाटलं. पण आपल्या भाषेत बगळ्यामागोमाग भगत येतोच. एका पायावर उभा, डोळे मिटलेले, मनात मासा. नुकत्याच दुरुस्त झालेल्या चर्चमध्ये, थेट वेदीवर, ढोंग्यांचा हा कुलगुरू! पत्रिका वाचून चर्चच्या मंडळाच्या सेक्रेटरींचा चहा नाकात गेला. ते तडक टाकेबाईंच्या घरी निघाले, वाटेत फादरनाही बरोबर घेतलं.

टाकेबाईंचं खरं नाव पोस्टमनलाही आठवत नसे. शाळेचे गणवेश शिवण्यात त्यांचा जन्म गेला होता. खिडकीखाली मशीन, फळीवर दोऱ्यांनी भरलेले बिस्किटांचे डबे, आणि दातांत टाचणी. ती न काढताच त्या बोलत, आणि जीभ टाचणीपेक्षा जास्त टोचे. गिऱ्हाईक माप देऊन पळ काढी.

हे वस्त्र मात्र त्यांनी आपणहून भरायला घेतलं होतं. दुष्काळात पेलिकन स्वतःची छाती चोचीनं फोडतो आणि पिल्लांना आपलं रक्त पाजतो, अशी जुन्या लोकांची समजूत होती. म्हणून चर्चच्या चित्रांत तो ख्रिस्ताच्या बलिदानाची खूण झाला. बाईंच्या पक्ष्याच्या छातीवर लाल रेशमाचे थेंब होते, आणि खाली आ वासलेली तीन पिल्लं.

"बगळ्याचं एक वेळ सोडा," सेक्रेटरी खुर्चीच्या टोकावर बसत म्हणाले, "पण बाई, हे रक्त? उद्या चर्चमध्ये लग्नं लागणार, फोटो निघणार. त्या जागी गुलाबाच्या पाकळ्या भरा ना. नाहीतर सरळ कबुतर करा. मान आखूड केली की झालं."

"कुणाची मान आखूड करू?" टाचणीआडून आवाज आला.

फादर खोकले.

"अहो, भाव तोच राहील," सेक्रेटरी म्हणाले. "तारणच दाखवायचंय ना? जरा सौम्य दाखवू."

बाईंनी टाचणी काढली. हे लक्षण बरं नव्हतं.

"तुम्ही पतपेढीत बसता. तुमच्याकडे तारण ठेवलेली बांगडी सोडवायला कुणी गुलाबाच्या पाकळ्या घेऊन आलं, तर द्याल का हो? नाही ना? मग आमचं तारण तेवढं फुकटात कसं? असं करा, क्रूसावरच्या मूर्तीच्या जखमा पण पांढऱ्या रंगवून घ्या. खिळे उपटा. हात अवघडले असतील त्याचे, बसायला खुर्ची द्या!"

"फादर, बघा हे!"

"टाकेबाई, थोडं जुळवून घ्या," फादर पुटपुटले. त्यांना दोघांशीही वाकडं नको होतं.

"रक्त काढलं तर वस्त्र वेदीवर चढेल," सेक्रेटरी उठत म्हणाले. "नाहीतर जुनंच घालू."

ते गेले आणि बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सुटका सगळ्यांना हवी, पण ती कशानं झाली ते बघायला नको! वस्त्र काखेत मारून त्या ताईकडे गेल्या. ही थोरली बहीण. आईच्या माघारी तिनं लॉन्ड्रीत इस्त्री करून बाईंना आणि दोन भावांना वाढवलं होतं. मनगटापासून कोपरापर्यंत तिचे हात भाजल्याच्या डागांनी भरलेले. पेलिकन भरताना बाईंच्या डोळ्यांपुढे तीच होती. निदान ती तरी आपली बाजू घेईल.

ताईनं चष्मा लावला. "हा कोण?"

"तो येशू. पण मला विचारशील तर तू."

"मी?" ताईनं वस्त्र बाजूला सारलं. "हे बघ छोटे, ज्यानं आपल्या मर्जीनं चोच मारून घेतली, तो देव. मी नाही छाती फोडली. मला तुम्ही टोचून खाल्लंत. घरात दुसरं मोठं कुणी नव्हतं म्हणून उभी राहिले त्या वाफेत. रोज चडफडत जायचे. मला विचारलं होतं कुणी?"

"म्हणून तर, ताई... तुझे उपकार—"

"उपकार घाल चुलीत. आणि ही पिल्लं बघ! नुसती आ करून बसलीत. एक तरी वर बघतंय का, की बाई, तुला दुखतंय का म्हणून? एक भाऊ फोन उचलत नाही, दुसरा फक्त पैसे मागायला करतो. आणि तू! उशीला अभ्रा शिवून देते म्हणालीस, वाट बघता बघता दात पडले माझे. देवाच्या टेबलाला बरा वेळ मिळाला!"

बाईंनी वस्त्र पुन्हा काखेत मारलं. घरी येऊन त्यांनी दिवा ओढला आणि एका पिल्लाची चोच उसवली. ती मिटलेली अशी पुन्हा भरली, डोळा वर वळवला. आता राग कुणावर काढायचा ते कळेना, मग तो दोऱ्यावर निघाला. दोरा सारखा तुटत राहिला. रक्ताच्या थेंबांना मात्र त्यांनी हात लावला नाही.

रविवारी लोक जमायच्या आधीच बाई चर्चमध्ये हजर. वस्त्र स्वतः वेदीवर अंथरलं, जुनं घडी करून बुडाखाली घेतलं आणि पहिल्या बाकावर बसल्या. चर्च भरल्यावर सेक्रेटरी आले, तशी त्यांनी कात्री पुढे केली.

"घ्या. थेंब नकोत ना? या सगळ्यांसमोर तुमच्या हातानं उसवा."

सेक्रेटरींनी कात्रीकडे पाहिलं, क्रूसाकडे पाहिलं, मग नव्या छताच्या रंगाचं निरीक्षण सुरू केलं. फादरना एकाएकी कंठ फुटला. "राहू द्या, राहू द्या. मिस्साच्या उपासनेला उशीर होतोय."

वस्त्र राहिलं. वर बघणारं पिल्लू कुणाच्या लक्षातही आलं नाही. लोकांनी बगळा फार छान झालाय म्हणून सांगितलं, आणि बाई प्रत्येकावर स्वतंत्रपणे खेकसल्या.

अभ्रा अजून झालेला नाही. कापड बेतून मशीनवर पडलंय, पण सध्या गणवेशांची घाई आहे म्हणे. ताई घडी केलेल्या टॉवेलवर डोकं ठेवून झोपते आणि येईल त्याला सांगते, "आमच्या छोटीला वेळ कुठला? ती बलिदान भरते!"