फ्रेंचच्या तासाला संस्कृतचे सर

आठवीत आमच्या शाळेत संस्कृत किंवा फ्रेंच यांतलं एक घ्यायचं होतं. आईने फ्रेंचवर खूण केली, कारण शेजारच्या मुलीला त्यात गुण भरपूर पडले होते. मला फ्रान्स नकाशावर दाखवता आला असता, एवढंच. वडील सावद्याला केळीची दलाली करत. आई आणि मी माझ्या शाळेसाठी जळगावला, मेहरूण भागात भाड्याने राहत होतो.

फ्रेंचच्या मॅडम पुण्याच्या. लग्न होऊन जळगावच्या एका मारवाडी व्यापारी घरात आल्या होत्या. शिकवायच्या छान, पण मला काही यायचं नाही. वर्गात बाकीच्यांची वाक्यं होऊ लागली तरी मी 'र'वरच अडलेली होते. तो जिभेने म्हणायचाच नसतो, घशातून काढायचा, गुळणी केल्यासारखा. मी घरी आरशासमोर सराव करायचे आणि आई स्वयंपाकघरातून विचारायची, घसा दुखतोय का, मीठपाणी करून देऊ का. लिहिण्याची तर आणखी तऱ्हा. शब्दाच्या शेवटची अक्षरं लिहायची आणि गिळून टाकायची. बोलायचीच नाहीत तर लिहायची कशाला, हे मी मॅडमना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, नियम आहे, पाठ कर.

दिवाळीनंतर मॅडम बाळंतपणासाठी माहेरी गेल्या. दुसरं कोणी फ्रेंच शिकवणारं गावात मिळेना. शेवटी मुख्याध्यापिकांनी तो तास संस्कृतच्या सरांना दिला. भाषा ती भाषा, असा हिशेब असावा.

सर धुळ्याजवळच्या एका खेड्यातले, निवृत्तीला आलेले. पहिल्या दिवशी त्यांनी पुस्तक उलटसुलट पाहिलं आणि खुर्ची ओढून आमच्या बाकांजवळ बसले. "मला यातलं काही येत नाही," ते म्हणाले. "तुम्ही माझ्यापेक्षा पुढे आहात. जिथे मी चुकेन तिथे थांबवा."

आम्हाला वाटलं, आता हा तास मजेत जाणार. तसं झालं नाही. सर टेबलावर मोबाइल ठेवत, एकेक शब्द त्याच्याकडून बोलून घेत आणि मग आमच्याबरोबर स्वतःही म्हणत. नाकातल्या स्वरांना त्यांनी अनुनासिक म्हटलं, फळ्यावर चंद्रबिंदू काढला, आणि मॅडमनी महिनाभर सांगून जे कळलं नव्हतं ते मला त्या दिवशी कळलं.

एकदा मोबाइल म्हणाला, 'शे म्वा'. म्हणजे माझ्या घरी. सर थांबले. त्यांनी ते पुन्हा लावलं, मग पुन्हा एकदा.

"हाई मनं घर शे," ते हळूच म्हणाले.

वर्गात हसू फुटलं. 'हे माझं घर आहे' हे अर्ध्या वर्गाच्या घरी असंच म्हणत, पण इंग्रजी शाळेच्या भिंतींमध्ये ते कधी कोणी उच्चारलं नव्हतं. सरांनी आम्हाला हसू दिलं आणि मग सांगितलं की या दोन 'शे'चं नातं काही नाही, एक म्हणजे 'आहे' आणि दुसरा म्हणजे 'च्या घरी', निव्वळ योगायोग. पण ज्याच्या घरी तो शब्द आहे, त्याला तो आता विसरता येणार नाही.

खरी गंमत आकड्यांनी केली. फ्रेंचमध्ये साठपर्यंत सरळ चालतं. पुढे सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, आणि सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-सात. सरांनी मला सत्त्याण्णव वाचायला सांगितलं. मी मध्येच हरवले आणि रडवेली होऊन म्हणाले, या लोकांना नीट मोजता येत नाही का.

"माझी आई असंच मोजायची," सर म्हणाले. "ऐंशी तिला कळायचं नाही. चार ईसा म्हणायची." ईस म्हणजे वीस. मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं, घरी असं मोजणारं कोणी आहे का बघा, आणि त्यांचं सत्तर काय होतं तेवढं विचारून या.

रविवारी मी सावद्याला गेले. वडिलांची आत्या, तिला सगळे अक्का म्हणत, अंगणात वाळलेले बिबडे डब्यात भरत होती. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. मी तिला काही विचारलं नाही, नुसती शेजारी बसले. ती पुटपुटत मोजत होती. तीन ईसा झाले, नि एक, नि दोन. मी श्वास रोखून ऐकत होते. नवानंतर ती म्हणाली, "तीन ईसा नि दहा."

साठ-दहा. माझ्या पुस्तकातलं जसंच्या तसं. मी तिला सांगितलं की फ्रान्स नावाच्या देशात लोक अजून असंच मोजतात, मोठमोठे शिकलेले लोकसुद्धा. अक्काने हातातला बिबडा तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"त्याह्यलेबी शाळात नव्हतं घातलं का?" तिने विचारलं.

मग म्हणाली, ते लोक मोजतात तरी काय, त्यांच्याकडे बिबडे होतात का. मी म्हटलं, विचारून सांगते.

सोमवारी वर्गात हे सांगितलं तेव्हा सरांचा चेहरा असा उजळला की मला आपण मोठं काहीतरी शोधून आणल्यासारखं वाटलं. फ्रेंचच्या तासाला मी आपणहून हात वर केला, तो पहिल्यांदाच.

वार्षिक परीक्षेचा पेपर मॅडमनी पुण्याहून काढून पाठवला. सरांनी तो आमच्याबरोबर बसून लिहिला. तोंडी परीक्षा व्हिडिओ कॉलवर झाली, मॅडमच्या मांडीवर बाळ होतं. निकाल आला तेव्हा मी जेमतेम पास होते. शब्दांच्या शेवटची ती गप्प अक्षरं लिहायची राहून गेल्याने घात झाला होता. सर आमच्यातल्या तिघीचौघींच्या मागे पडले होते. त्यांनी स्वतःचा पेपर आम्हाला दाखवला. फ्रेंचमध्ये काही अक्षरांवर तिरक्या रेघा द्याव्या लागतात, त्या बऱ्याच ठिकाणी उलट्या दिशेला पडल्या होत्या.

जूनमध्ये मॅडम परत आल्या. सरांनी त्यांची परवानगी घेतली आणि मोकळा तास असला की शेवटच्या बाकावर येऊन बसू लागले. मॅडमना सुरुवातीला फार अवघडल्यासारखं व्हायचं. एक दिवस सरांनी विचारलं की पक्ष्याला जो शब्द आहे तो लिहायचा ओ, आय, एस, ई, ए, यू असा आणि म्हणायचा 'वाझो', मग त्यातलं एकही अक्षर आपल्या आवाजात का नाही. मॅडमनी शब्द फळ्यावर लिहिला. "मी याचा कधी विचारच केला नाही," त्या म्हणाल्या.

त्यांनी कुठे कुठे वाचलं असणार. पुढच्या आठवड्यात त्यांनी सांगितलं, कधीकाळी ही अक्षरं उच्चारली जात होती, बोलणं बदलत गेलं आणि लिहिणं तिथेच राहिलं. मागून सरांनी विचारलं, "मग ती गप्प कधी झाली?"

मॅडम हसल्या. बघून सांगते म्हणाल्या, आणि स्वतःच्या वहीत ते लिहून घेतलं.

दहावीला मला फ्रेंचमध्ये बरे गुण पडले आणि पुढे विषय सुटला. सर निवृत्त होऊन धुळ्याला गेले. आता कोणी माझ्याशी फ्रेंच बोललं तर मला पाचातला एखादा शब्द कळेल. पण कुठल्याही भाषेतली पाटी दिसली की मी थांबते आणि तिच्यातलं कोणतं अक्षर गप्प असेल ते शोधत राहते.